बकरीने खाल्लेली अधांतरी गाडी

माझी गाभण बकरी जावयांची रेल्वेगाडी खात होती. मी धावत पोचले तेव्हा शेवटचा डबा तिच्या जबड्यात होता. बोटं घालून पाहिलं तर हाती नुसता चोथा आला. गाडीखालचे दोन्ही चुंबक आत गेले होते.

जावई शाळेत विज्ञान शिकवतात. प्रदर्शनासाठी बिनचाकाची गाडी करायला ते सुट्टीत राळेगावजवळच्या आमच्या गावी आले होते. एसटी आलीच नाही, म्हणून फाट्यापासून पायी आले आणि पाय धुता धुता विमानाशी शर्यत लावणाऱ्या गाडीचं सांगू लागले.

चुंबकाची सारखी टोकं समोरासमोर आली की एकमेकांना ढकलतात. माझ्या घरात दोन सुना आहेत, त्यामुळे हे मला लगेच कळलं. रुळावर चुंबक, गाडीखाली चुंबक, गाडी मध्ये अधांतरी. बाजूला कठडे लागतात, नाहीतर ती घसरून उलटते. पुढे न्यायला रुळाशी तारेची वेटोळी असतात. त्यांत वीज सोडली की पुढचं वेटोळं ओढतं, मागचं ढकलतं. लाइन गेली तर काय, असं मी विचारलं. जिथे ही गाडी धावते तिथे लाइन जात नाही, असं ते म्हणाले.

गाडी हलकी हवी होती. आमच्याकडे पोरांच्या खेळण्यातल्या बैलबंड्या ज्वारीच्या वाळक्या ताटांच्या, धांड्यांच्या करतात. जावयांनी तसेच डबे केले, कणकेच्या खळीने चुंबक चिकटवले आणि गाडी वाळायला अंगणात ठेवली. ज्वारी आणि कणीक. बकरीला आणखी काय वाढतात?

"जवाईबापू, पोटातबी हे तरंगून राह्यले असतीन का?"

"नाही आई. तिथे कठडे नाहीत. ते उलटून एकमेकांना चिकटतील."

"मंग बरंच हाय."

"मध्ये आतडं सापडलं तर भोक पडेल."

ते इतकं थोडक्यात पहिल्यांदाच बोलले.

ती व्याल्यावर घरचा चहा तिच्याच दुधावर चालायचा होता. मी जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. गाभण आहे, कापता येणार नाही, असं त्याने येताच सांगितलं. मग जावयांच्या पेटीतलं होकायंत्र घेऊन तो तिच्या पोटावरून फिरवू लागला. जावई त्यालाही गाडी समजावू लागले.

"गुरुजी, आधी तिले धरा," डॉक्टर म्हणाला.

सुई एकाच जागी वळली. दोन्ही चुंबक तिच्या चार पोटांपैकी पुढच्या पोटात एकत्र चिकटलेले दिसतात, असं तो म्हणाला. ते तिथेच पडून राहतील, पुढे सरकायचे नाहीत. तार गिळलेल्या गायीला ती तार धरून ठेवायला आम्हीच मुद्दाम चुंबक चारतो, असंही त्याने सांगितलं. हे ऐकून जावयांना हुरूप आला आणि ते बकरीच प्रदर्शनात न्यायची म्हणू लागले. मी दावं हातातून सोडलं नाही.

पुढच्या महिन्यात ती व्याली. बकरी जगली आणि तिची दोन्ही पिल्लंही जगली.