नवख्याचा हात

टेलरमास्तरांनी शिवलेला कोट दहा वर्षं उसवत नसे, पण रविवारी दुपारी पत्त्यांना बसलेले मास्तर जिंकून उठलेत असं सहसा होत नसे. तीस वर्षं, बाबांनो! बायकोच्या बांगड्या गेल्या, दुसरं शिलाई मशीन गेलं, पण पहिला रविवार काही डोक्यातून जाईना. त्या दिवशी त्यांनी ओळीने सहा डाव मारले होते.

सायकलच्या दुकानामागच्या ज्या खोलीत हे पत्ते चालत, तिथे सगळ्यांचं एकच म्हणणं: नवख्याच्या हाताला पत्ते लागतात. कुणालाही विचारा, पहिल्या दिवशी तो जिंकलेलाच. म्हणून तिथे रीत पडली होती, नवा माणूस आणेल त्याला त्या नव्याच्या जिंकण्यातला निम्मा वाटा. मास्तरांनी जावयाला गळ घातली. जावई बसगाड्यांचा मेकॅनिक, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पण सासऱ्याला नाही कसं म्हणणार?

सकाळी भाजी निवडता निवडता मास्तरांची बायको म्हणाली होती, "अहो, पहिल्या दिवशी हरतात ते परत येतच नाहीत. माझ्या भावाचंच बघा. एकदा हरला आणि कानाला खडा लावला. तुमच्याकडे उरतात ते जिंकलेलेच. त्यांनाच विचारायचं आणि वर नवख्याचं नशीब म्हणायचं!"

"तुला काय कळतंय त्यातलं," म्हणत मास्तरांनी चपला घातल्या होत्या.

जावयाने पहिले तीन डाव मारले. खिशातला फोन वाजला, मास्तरांच्या लेकीचा होता. त्याने न उचलताच तो बंद केला आणि खुर्ची पुढे ओढली. "मामा, हे तर सोपंय की!"

 तीस वर्षांपूर्वी मास्तरही अगदी असेच पुढे सरकून बसले होते. बायकोचं बोलणं आत्ता कुठे डोक्यात शिरलं. लेकीच्या हातातल्या बांगड्या डोळ्यांपुढे आल्या. अरेरे, काय करून बसलो हे मी!

"चला जावईबापू, पुरे आता."

"जिंकत असताना कुणी उठतं का, मामा?"

मास्तरांनी आयुष्यात लबाडी केली नव्हती, हरले ते सरळ खेळून हरले. त्या दिवशी मात्र त्यांनी एक एक्का हळूच बाहीच्या दुमडीत सरकवला. कपड्याची दुमड आणि मास्तरांची बोटं, कुणाला पत्ता लागणार? पाच डावांत त्यांनी जावयाचे जिंकलेले पैसे नेले, घरून आणलेलेही नेले. जावई कान लाल करून उठला आणि निरोपही न घेता निघून गेला.

संध्याकाळी लेक दारात येऊन उभी राहिली. "घरच्याच माणसाला लुटलंत, बाबा? पुन्हा आमच्याकडे येऊ नका."

खरं सांगायला मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आपल्याला लबाडीने हरवलं हे कळलं, तर जावयाला आपलं नशीब खरंच वाटणार आणि तो पुन्हा त्या खोलीत जाणार. "बरं," एवढंच ते म्हणाले. लेक रडत गेली.

त्यांनी सगळे पैसे बायकोच्या हातात ठेवले. "थोडे थोडे करून तिला दे. तुझेच म्हणून दे."

बायकोला सगळं उमगलं. "तो पुन्हा जाईल?"

"छे! पहिल्याच दिवशी हरलाय."

"आणि तुम्ही?"

 मास्तर पहिल्या दिवशी जिंकले होते.