सर्वानुमते, मला सोडून

"तू कशाला बसलीस? जा, चहाचं बघ."

साहेब हे मराठीत म्हणाले. भरल्या सभेत. बाकी सगळं इंग्रजीत चाललेलं. बंगाली मंडळींना कळू नये आणि मला मात्र नेमकं लागावं, म्हणून मराठी. कलकत्त्यात घराबाहेर मराठी कानावर पडली की जीव सुखावायचा माझा. त्या दिवशी शिसारी आली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. एका संस्थेत मी पंच ऑपरेटर होते, म्हणजे यंत्रावर कार्डांना भोकं पाडणारी. खोलीभर पसरलेला एक कॉम्प्युटर. प्रोग्राम म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा. सगळे गठ्ठे एका कपाटात, आणि कपाटाला कुलूप नाही. कुणीही गठ्ठा न्यावा, नक्कल करावी, बदल करावा, बदललेला परत आणून ठेवावा. अट एकच. बदल करणाऱ्यानं गठ्ठ्याच्या कडेवर आपल्या रंगाची तिरकी रेघ ओढायची. माझी रेघ हिरवी. प्रोग्राम लिहायला मी त्या कपाटातच शिकले. मला दुसरी शाळा नव्हती. पंचिंगमधून प्रोग्रामिंगमध्ये जायचं होतं, आणि वाट तीच होती.

मग पुण्याहून हे साहेब बदलून आले. मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी माझ्या वडिलांना आडनाव विचारलं, मग गाव. वडील फोर्ट विल्यमच्या लष्करी ठाण्यात हवालदार. ताठ उभं राहून सांगितलं त्यांनी. साहेबांनी पुढे केलेला हात हळूच खिशात घातला. दुसऱ्या दिवसापासून माझ्या हातून ते गठ्ठा घेईनात. "टेबलावर ठेव." ठेवला की उचलायचे, हिरव्या रेघेला बोट लागणार नाही असा. माणूस शिकलेला. हात मात्र तेच, जुने, घाणेरडे.

पुढे कपाटाचे नियम बदलायचं निघालं. बाहेरच्या कंपन्या गठ्ठे न्यायच्या, सुधारलेले परत द्यायच्या नाहीत. तक्रार खरी होती. फलकावर सूचना लागली: कपाट वापरणाऱ्या सर्वांनी यावं, मत मांडावं. सर्वांनी! मी इस्त्रीचं पातळ नेसून गेले. शेजारी शिप्रादी, माझ्यासारखीच ऑपरेटर.

मसुदा वाचला गेला. कंपन्यांबद्दल अवाक्षर नाही. कपाटाला कुलूप. गठ्ठे फक्त अधिकाऱ्यांनी हाताळायचे, ऑपरेटरांनी सांगितलेलं पंच करायचं. मी हात वर केला. तेव्हा ते चहाचं वाक्य आलं. भाषा न कळताही काहीजण हसले. सूर कळला होता त्यांना.

आणि मी उठले. दाराकडे निघालेसुद्धा. अंगवळणीच पडलेलं ते.

मागून साहेबांचा आवाज आला, "ऑल अ‍ॅग्री? गुड. युनॅनिमस."

मी दारातच थांबले. चहा सांगायला निघालेली बाईसुद्धा त्या 'ऑल'मध्ये धरली होती. माझा हात चालत नव्हता. माझी संमती चालत होती. 

"आमार मत नेइ!" मी ओरडले. माझी संमती नाही. बंगालीत, सगळ्यांना कळावं म्हणून.

साहेब पुन्हा मराठीत: "तुला कुणी विचारलं?"

"फलकावर विचारलंय. सर्वांना."

शिप्रादीनं मान खाली घातली.  तिचा राग तेव्हा आला, आजही थोडा आहे. इतिवृत्त लिहिणाऱ्या बाबूंच्या टेबलाशी मी जाऊन उभी राहिले. म्हटलं, लिहा, माझा विरोध. नावानिशी. ते साहेबांकडे बघायला लागले. मी हलले नाही. चहा कुणालाच मिळाला नाही. शेवटी त्यांनी लिहिलं.

नियम झाला तो झालाच. कपाटाला कुलूप लागलं. प्रोग्रामिंगमध्ये मला कधीच घेतलं नाही.

त्यानंतर किती सभा बघितल्या. युनियनच्या, सोसायटीच्या, त्याच मराठी मंडळाच्या. 'सर्वानुमते' म्हटलं की मी उठते. लोक तोंडं वाकडी करतात. करू देत. मला वगळून नियम करायचे तर करा, तेवढी ताकद तुमच्यात आहे. माझ्या नावावर करू देणार नाही.