मामाजींनी जपानी गोळा फोडला

मैत्रिणींनो, आज घाटंजीत आमच्या घरी जपानी जेवण झालं!

मोबाईलवर एका जपानी बाईचा व्हिडिओ पाहून खिम्याचे आंबटगोड गोळे केले. सोया सॉस चायनीजच्या गाडीवाल्याकडून मागून आणला. व्हिनेगर मिळालं नाही, म्हणून चिंच-गूळ घातला.

कपाशीत गुलाबी अळी निघाल्यापासून मामाजी, म्हणजे माझे सासरे, जेवताना मान वर करत नाहीत. दिवसभर वावरात हिरवी बोंडं फोडून अळी पाहत राहतात.

आज त्यांनी ताटातला गोळा उचलला, दोन्ही अंगठ्यांनी बोंडासारखाच फोडला आणि आत निरखून पाह्यलं.

"हे बोंड साफ हाय व पोरी. वाढ आखीन दोन."

आणि हसले!

तुमच्यात कोणाले जपानी येते काय? त्या बाईले माझा निरोप द्या न: आज आमचे मामाजी हसले.