दातांत धरलेली काठी

दातांत धरलेल्या लाकडी काठीतून यंत्राचा आवाज माणसाला खरोखर ऐकू येतो का, आणि येत असेल तर आमच्या मिस्त्रींना तो एका दिवशी का आला नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहावयास बसलो आहे. प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्यात एका माणसाची नोकरी गेली आणि दुसऱ्याचा पाय, म्हणून तो इतकी वर्षे माझा पिच्छा सोडीत नाही.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षे. सोलापुरात मालाच्या लॉऱ्या विकणारी एक एजन्सी होती आणि तिच्या दुरुस्तीच्या कारखान्यात मी फिटर होतो. इंग्रजीच्या काही इयत्ता झाल्यावर माझी शाळा सुटली होती. तेवढ्या भांडवलावर, शेजारी कोश ठेवून, मी लॉरीबरोबर येणारे माहितीचे पुस्तक वाचीत असे. म्हणून कारखान्यात मला सगळे 'मास्तर' म्हणत. पुढे मी औद्योगिक शाळेत खरोखरच शिकवू लागलो, तेव्हा त्या थट्टेची मला पुष्कळदा आठवण झाली.

त्या काळी नवी लॉरी रेल्वेने मालधक्क्यावर येई ती केवळ सांगाडा म्हणून. चाके, इंजिन आणि स्टिअरिंग एवढेच. बसावयास जागासुद्धा नसे. आमच्यापैकी कोणीतरी एका खोक्यावर बसून ती आवारात आणी आणि मग सुतार तिच्यावर सागवानी हौदा बांधीत. लॉरी विकणे तसे सोपे होते. ती चालती ठेवणे अवघड होते. काळ्या मातीची धूळ तेलात शिरे. पुस्तकात सांगितलेल्यापेक्षा कितीतरी अधिक माल लोक तिच्यावर लादीत. इंजिनातील बेअरिंगांना आतून पांढऱ्या धातूचे अस्तर असे, ते वितळून जाई; मग नवा धातू ओतून, बेअरिंगात फिरणाऱ्या दांड्याला निळा रंग लावून, जेथे रंग उठेल तेथे तो पातळ पातळ खरवडीत बसावे लागे. सुटे भाग मुंबईहून येईपर्यंत लॉरी ठोकळ्यांवर उभी राही आणि मालकाचा माणूस रोज येऊन विचारून जाई.

परंतु या सर्वांहून अवघड काम म्हणजे दोष नेमका कोठे आहे हे ओळखणे. इंजिन उघडावयाचे म्हणजे दिवस जातो. म्हणून उघडण्यापूर्वी ऐकावे लागते. हे ऐकण्याचे काम आमच्या मिस्त्रींचे.

मिस्त्री तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातले. उमेदीची सारी वर्षे त्यांनी गिरणीच्या विणाईखात्यात माग दुरुस्त करण्यात घालविली होती. मागात आडवे सूत नेणारा धोटा इकडून तिकडे फेकणारी एक कठीण लाकडाची काठी असते. तशीच एक तुटकी काठी घासून गुळगुळीत करून त्यांनी जवळ ठेवली होती. इंजिन सुरू झाले की तिचे एक टोक ते लोखंडावर टेकवीत, दुसरे दातांत घट्ट धरीत आणि डोळे मिटीत. मग मी स्क्रू-ड्रायव्हरने एकेका प्लगची ठिणगी तोडून तेवढा सिलिंडर बंद पाडावयाचा. ज्या सिलिंडरची ठिणगी तोडल्यावर इंजिनातला ठोका मंदावेल, दोष त्याच्याखालच्या बेअरिंगात. मिस्त्री बोट वर करीत. तेवढेच उघडावे आणि तेथेच झीज सापडावी, असे मी अनेकदा पाहिले आहे.

बाकीचे फिटर त्यांची थट्टा करीत. एकाने एकदा विचारले, "मिस्त्री, इंजिनाला चावताय व्हय?"

"चावल्याबिगर खरं बोलत न्हाय की ते," मिस्त्री म्हणाले.

कारखान्याचा नियमच होऊन गेला होता की मिस्त्रींच्या काठीने पास केल्यावाचून लॉरी फाटकाबाहेर जावयाची नाही. एजन्सी चालविणाऱ्या साहेबांनीही तो मानला होता. मिस्त्रींना याचा अभिमान होता आणि भीतीही. त्यांच्या वयाच्या माणसाला गिरणी पुन्हा घेणार नव्हती आणि दुसरी एजन्सी गावात नव्हती. ही जागा गेली तर आपण कोठेच उरत नाही, हे त्यांनी मला एकदा पाना पुसता पुसता सांगितले होते.

त्यांना ऐकू येत नाही हे माझ्या ध्यानात फार सावकाश आले. लॉरीखाली आडवे पडलेले असताना ते कोणालाच उत्तर देत नसत, बाहेर येऊन, बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल असे उभे राहून मग विचारीत, "काय म्हनला?" दुपारी त्यांच्या पत्नी डबा घेऊन येत. त्याही गिरणीत सुताच्या कांड्या भरण्याचे काम केलेल्या. ती दोघे आवाराच्या दोन टोकांना उभी राहून बोलत आणि मधल्या आम्हांला एक अक्षर ऐकू येत नसे. नुसते ओठ हलत. विणाईखात्यात मागांच्या गोंगाटात कानाशी ओरडूनही उपयोग नसतो, म्हणून तेथील माणसे आवाजाशिवाय बोलावयास शिकतात. आमच्यातला एक म्हणे, "यांचं बरंय. भांडले तरी शेजाऱ्यास्नी कळत न्हाय."

मला त्याची गोडी लागली. मी मिस्त्रींकडून ते बोलणे मराठीपुरते शिकलो. शिकता शिकता मला उमगले की गिरणीतल्या बाकीच्यांना ही एक सवय राहिली आहे. मिस्त्रींना मात्र दुसरा मार्गच उरलेला नाही. मी ते साहेबांना सांगितले नाही. काठीने दाखविलेला दोष खरा निघत होता, तोवर कान कसे आहेत हे विचारण्याचे कारण मला दिसत नव्हते. आजही दिसत नाही.

आता त्या लॉरीकडे वळतो. ती करकंबच्या एका व्यापाऱ्याची होती. तिचा ड्रायव्हर माण भागातला, मेंढ्या राखणाऱ्या घरातला; मेंढरामागचे चालणे सोडून गाडीवर बसलेला त्यांच्या घरातला पहिलाच. तो म्हणाला की रिकामी गाडी पळवली म्हणजे मागून कोणी बारीक शीळ घालतो आहे असे वाटते.

आम्ही मागची चाके अधांतरी उचलली, गियर टाकून ती फिरविली आणि मिस्त्रींनी मागच्या आसाच्या मध्यावर जो दातेरी चाकांचा लोखंडी डबा असतो, त्यावर काठी टेकविली. त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच राहिले. मी जवळ उभा होतो आणि मला साध्या कानाने ती शीळ ऐकू येत होती. फार अस्पष्ट, डासासारखी. मिस्त्रींनी डोळे उघडून मान हलविली. आत काही नाही.

मी त्यांच्यासमोर जाऊन स्पष्ट सांगितले की मला शीळ ऐकू येते आहे. त्यांनी पुन्हा काठी लावली. जागा बदलून लावली. मग मला म्हणाले, "मास्तर, ठोका न्हाय, घरघर न्हाय. कानाला कायबी वाटतं. काठी लबाड बोलत न्हाय."

मी साहेबांकडेही गेलो. डबा उघडून पाहावा, असे सुचविले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले की मिस्त्री काय म्हणतात. मी सांगितले. मग प्रश्नच मिटला. लॉरी संध्याकाळी करकंबला गेली.

त्यानंतर काही दिवसांनी, टेंभुर्णीच्या अलीकडे, ती गुळाच्या ढेपांनी भरलेली असताना, त्या डब्यातील बेअरिंग फुटले. त्याचे तुकडे दातेरी चाकांत अडकले आणि मागची दोन्ही चाके एकदम जागच्या जागी रुतल्यासारखी थांबली. लॉरी आडवी फिरून रस्त्याकडेच्या चरात कलंडली. ड्रायव्हरचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मोडलेला डबा आमच्याकडे आला तेव्हा मिस्त्रींनी तो स्वतः उघडला. बेअरिंगच्या कड्यावर झिजेची खरबरीत वाट होती. ती एका दिवसात पडलेली नव्हती, हे कोणालाही कळले असते. त्यांनी कडे बोटाने चाचपले, पुसले आणि फडक्यावर ठेवले. त्या दिवशी ते जेवावयास उठले नाहीत.

नंतर साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावले. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मिस्त्रींना बसावयास सांगितले, लॉरीची तपासणी कशी झाली ते विचारले आणि मग खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेले. आमच्याकडे पाठ करून, नेहमीच्या आवाजात ते म्हणाले, "मिस्त्री, चहा घेणार का?"

मी मिस्त्रींच्या समोर उभा होतो. साहेब काय करीत आहेत हे माझ्या ध्यानात आले आणि विचार करण्याआधीच माझे ओठ हलले. आवाज न करता मी त्यांना सांगितले: चहा विचारतात, हो म्हणा.

मिस्त्रींनी ते वाचले. याविषयी मला शंका नाही. त्यांच्या डोळ्यांत ते उमटले. 'हो' म्हटले असते तर निदान त्या दिवसापुरती त्यांची जागा वाचली असती. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग साहेबांच्या पाठीकडे पाहिले आणि म्हणाले, "साहेब, तुमी तिकडं तोंड करून काय बोलला असाल, तर ते मला कळलं न्हाय. मास्तरनं सांगितलं म्हनून कळलं. त्या पोराचा पाय गेलाय. आता मला ऐकू येतंय असं म्हनू नगा कुनी."

साहेब वळले. मिस्त्रींनी काठी टेबलावर ठेवली, उठले आणि बाहेर जाऊन आपली हत्यारे पुसून पेटीत लावू लागले.

ड्रायव्हर सरकारी दवाखान्यात होता, तोवर मिस्त्री तेथे जात. मी एकदा बरोबर होतो. ते खाटेच्या पायाशी, त्याचा चेहरा दिसेल असे बसत. ड्रायव्हर मला म्हणाला, "मिस्त्रीला म्हनावं, रोज येऊन बसू नगा. मला मेंढरामागंबी जाता येत न्हाय आता, मग पळून कुटं जानार हाय मी?" हे थट्टेने म्हटले होते, आणि म्हणताना तो हसलाही. ते मला मिस्त्रींना वेगळे सांगावे लागले नाही. ते त्याच्याच ओठांकडे पाहत होते.

काही महिन्यांनी मी मिस्त्रींच्या घरी गेलो. पत्नी हातमागावरच्या कांड्या भरून देत आणि ते सूत उलगडून देत. घरात कोणताही आवाज नव्हता, चरख्याचा काय तो होता. त्यांनी मला समोर बसविले आणि एकच गोष्ट विचारली. ती शीळ कशी होती?

मी शब्दांनी सांगून पाहिले: बारीक, उंच, डासासारखी. त्यांनी मान हलविली; त्यांना तसे नको होते. मग मी ओठांचा चंबू केला आणि जमेल तशी ती शीळ घातली. मिस्त्री पुढे वाकून माझ्या ओठांकडे पाहत राहिले. ओठांवर वाचण्यासारखे त्यात काहीच नव्हते. मी पुन्हा घातली. त्यांच्या पत्नीने सूत भरणे थांबवून आमच्याकडे पाहिले आणि मग पुन्हा खाली मान घातली. थोड्या वेळाने मिस्त्री म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, मास्तर."

त्यानंतर फार वर्षे ते राहिले नाहीत.

काठी साहेबांनी मला दिली आणि ती अजून माझ्याजवळ आहे. शाळेत शिकवू लागल्यावर मी तिच्यावर पुष्कळ प्रयोग केले. कानांत बोटे घालून ती दातांत धरली तर यंत्राचा जड ठोका स्वच्छ ऐकू येतो. बारीक शीळही येते. म्हणजे काठी लबाड बोलत नव्हती, हे मिस्त्रींचे म्हणणे खरे होते. दोन्ही आवाज तिच्यातून त्यांच्या दातांपर्यंत आणि दातांतून हाडांपर्यंत त्या दिवशीही गेले असले पाहिजेत. पुढे एका डॉक्टरांनी मला समजावून दिले की वर्षानुवर्षे गोंगाटात राहिलेल्या माणसाच्या कानातून प्रथम बारीक, उंच आवाज जातात आणि जड आवाज पुष्कळ मागे राहतात. शिवाय हे नुकसान कानाच्या इतके आत होते की हाडातून आलेला आवाजही त्याला चुकवू शकत नाही. उरलेल्या जड आवाजांवर मिस्त्री सारी नोकरी करीत होते, आणि आपल्याला ऐकू न येणारेही काही जगात वाजत असते हे त्यांना काठी सांगू शकत नव्हती. ज्या मागांची ती काठी, त्याच मागांनी त्यांचे ते बारीक आवाज नेले होते.

माझे उत्तर हे आहे. ते बरोबर आहे असे मला वाटते. पण वाटण्याला प्रयोगात किंमत नाही. म्हणून वाचकांना विनंती आहे की त्यांनी ते स्वतः पडताळावे. घरात शिवणयंत्र असेल तर कोणाला तरी ते चालवावयास सांगावे. लाकडी पट्टीचे एक टोक यंत्राच्या अंगावर टेकवावे, दुसरे दातांत धरावे आणि दोन्ही कान बोटांनी बंद करावेत. जड खटखट आणि तिच्या वरची बारीक घूं, दोन्ही ऐकू येतात का पाहावे. घरात किंवा शेजारी विणाईखात्यात बरीच वर्षे काढलेले कोणी असेल, तर हाच प्रयोग त्यांच्याकडूनही करून घ्यावा आणि त्यांना यांपैकी काय ऐकू आले ते विचारावे. मात्र विचारताना त्यांच्यासमोर, आपल्या तोंडावर उजेड पडेल असे उभे राहावे.