व्हर्नेलने उचललेली ओळ

आमच्या चर्चमध्ये जुनं गाणं पुस्तकातून होत नाही. डीकन, म्हणजे चर्चचा कारभारी, आधी एकटा एक ओळ उचलतो, मग सगळे मिळून ती लांबवत गाऊन उत्तर देतात. अमेरिकेत, जॉर्जियातल्या आमच्या गावात ओळ उचलायचा मान डीकन लोन्झो टार्व्हरचा. त्याची बायको व्हर्नेल माझ्या शेजारी बसून नुसतं उत्तर द्यायची. बायकांनी ओळ उचलायची नाही, असा रिवाज. मला तो कधीच पटला नाही, पण विचारतंय कोण?

साथ आली आणि चर्चला कुलूप लागलं. आमच्यातलं एकेक म्हातारं माणूस जाऊ लागलं. प्रार्थना फोनवर सुरू झाली. आमच्यातल्याच सिस्टर ओझेलाच्या तव्यावरचं डुकराचं मांस भर प्रार्थनेत चरचरलं, तेव्हापासून पाळकांची सक्त ताकीद होती: बोलणारा सोडून बाकीच्यांनी चांदणीचं बटण दाबून आपला आवाज बंद ठेवायचा.

मग लोन्झोला हॉस्पिटलात नेलं. व्हर्नेलला दारातूनच परत पाठवलं.

"घशात नळी घातलीय गं, इडेला," ती कुंपणापलीकडून रडत म्हणाली. "आपल्या माणसाचा आवाज कानावर न पडता मरेल तो."

नर्सने त्याच्या कानाशी फोन धरायचं कबूल केलं. आम्ही सगळे फोनवर आलो आणि व्हर्नेलने आयुष्यात पहिल्यांदा ओळ उचलली. ओळ पुरी केली. उत्तर मात्र आलंच नाही. मी घसा फोडून गात होते, पण शहाण्यासारखं बटण दाबून. सगळ्यांनी तेच केलं होतं.

तिला वाटलं, बाईने ओळ उचलली म्हणून आम्ही तोंडं मिटली. "अरे, आज तरी गा रे!" ती किंचाळली. "मेलात का सगळे?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. पुन्हा बटण दाबून मी ओरडले, "आवाज सुरू करा, मूर्खांनो!"

मग आवाज आले, कुणाचा कुणाशी मेळ नाही. दुसरी ओळही झाली. तेवढ्यात नर्स हळूच म्हणाली, "व्हर्नेलबाई, ते गेले. तुम्ही पहिली ओळ म्हणालात आणि सगळं शांत होतं ना, तेव्हाच. तुम्हाला थांबवायचा धीर झाला नाही."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. देवाचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

व्हर्नेलने विचारलं, "माझी ओळ ऐकली त्याने?"

"पुरी ऐकली," नर्स म्हणाली.

"मग उचललेलं गाणं अर्धं टाकायचं नाही. इडेला, बटणाला हात लावू नकोस."

आणि तिने तिसरी ओळ उचलली.