पाच मीटरच्या टेपने मोजलेलं सान होसे

गेल्या वर्षी सत्तावीस डिसेंबरला कोस्टा रिका देशाच्या राजधानीत, म्हणजे सान होसे शहरात, आम्ही एका अनोळखी बाईची ओटी भरली. ओटीतली पैठणी नऊशे दिरहमची, म्हणजे साधारण बावीस हजार रुपयांची. हजर: मी, माझी पत्नी वंदना आणि ती अनोळखी बाई.

आमची मृण्मयी शारजात वाढली, दुबई मरीनातल्या एका ऑफिसात नोकरीला लागली आणि तिथल्याच दिएगोशी तिने लग्न ठरवलं. मुलगा चांगला, गाव तेवढं पृथ्वीच्या पाठीवर पलीकडे. त्याच्या आईने, म्हणजे आमच्या होणाऱ्या विहीणबाईंनी, नाताळच्या सुट्टीत जेवायला बोलावलं. पहिलीच भेट. मृण्मयी सकाळीच मदतीला तिकडे गेली आणि जाताना बजावून गेली, "बाबा, प्लीज टेक अ टॅक्सी. अँड डोन्ट बी लेट. शी इज व्हेरी पर्टिक्युलर."

पर्टिक्युलर माणसांना मी घाबरत नाही. मी क्वांटिटी सर्व्हेअर आहे. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या कारखान्यांच्या फरशा, भिंती आणि गटारं मोजण्यात माझी हयात गेली. आणि शहर बघायचं तर तिथल्या लोकांसारखं, बसने आणि पायी, हे माझं तत्त्व आहे. (फोनला रोमिंग न घेणं हेही तत्त्वच.)

शिवाय पत्ता वाचून मला घरी आल्यासारखं वाटलं होतं. सान होसेत रस्त्याचं नाव, घराचा नंबर असलं काही कुणी सांगत नाही. खुणेपासून किती मीटर, एवढंच. दिएगोने कागदावर त्याच्या भाषेत लिहून, तोंडी समजावलं होतं: जुन्या वडापासून तीनशे मीटर दक्षिणेला, मग पन्नास मीटर पूर्वेला, हिरवं फाटक. तो वड मात्र आता तिथे नाही. आम्ही शारजातल्या रोल्ला भागाचे रहिवासी! रोल्ला हे नावच मुळी एका वडाचं, आणि तो वड आम्ही शारजात येण्याच्या कितीतरी आधी पडलेला. नसलेल्या झाडावरून घर शोधणं आम्हाला कोण शिकवणार?

बसमधून उतरून मी तिघांना कागद दाखवला. तिघांनीही एकाच रिकाम्या कोपऱ्याकडे बोट केलं. झाड मिळालं. मी खिशातून टेप काढली.

"अहो, हे काय?" वंदना म्हणाली.

"तीनशे मीटर म्हणजे तीनशे मीटर. अंदाजाने चालायला मी काय टुरिस्ट आहे?"

टेप पाच मीटरची. म्हणजे साठ वेळा. वंदना नारायणपेठी नेसलेली, एका खांद्याला ओटीची पिशवी, त्यात नारळ, आणि दुसऱ्या हातात टेपचं टोक. दर पाच मीटरला ती वाकायची, टोक फुटपाथवर धरायची आणि माझ्याकडे अशी बघायची की मी आकड्यावरून नजर हलवत नव्हतो. एका न्हाव्याने आम्हाला पायरीजवळ मापं घेताना पाहिलं आणि मुकाट्याने बाहेरची खुर्ची आत नेली. पुढे एक आजोबा आपल्या कुंपणाला पाठ लावून उभे राहिले. रस्ता रुंद होणार ही बातमी आमच्या पुढे पुढे चालली होती. मी सगळ्यांना "खलास, खलास, नो प्रॉब्लेम" असा आखातातल्या सवयीने धीर देत होतो. त्याने ते जास्तच घाबरले.

तीनशे मीटर बरोबर एका गल्लीच्या तोंडाशी भरले. पूर्वेला वळून पन्नास मोजले. समोर हिरवं फाटक! मी वंदनाकडे पाहिलं. ती कंबर धरून उभी होती, नाहीतर कौतुक केलं असतं.

दारात एक हसरी बाई आली. मी विचारलं, "दिएगो?" ती होकारार्थी मान डोलावत म्हणाली, "सी, दिएगो!" आणि आम्हाला आत घेतलं. भिंतीवर लहान मुलाचा फोटो होता. (लहानपणीचा, मी मनात म्हटलं. नाक तेच.) वंदनाने कुंकू लावलं, पैठणी, खण, नारळ घालून साग्रसंगीत ओटी भरली. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी भात, काळ्या घेवड्याची उसळ आणि तळलेली केळी वाढली. दोनदा आग्रह केला. मी म्हटलं, वंदना, माणसं किती साधी आहेत बघ.

एवढ्यात दिएगो आला. वय वर्षं सहा, अंगात फुटबॉलचा शर्ट.

वंदना शांतपणे म्हणाली, "जावई लहान दिसतोय."

मी कागद पुढे केला. बाईंनी वाचला, हसल्या, आम्हाला फाटकाशी नेलं आणि हाताने दाखवलं: या चौकापासून त्या चौकापर्यंत शंभर, तिथून पुढच्या चौकापर्यंत आणखी शंभर. सान होसेत चौक ते चौक म्हणजे शंभर मीटर, मग ते प्रत्यक्षात कितीही भरोत. माझ्या टेपवर तिथले चौक पंचाहत्तर मीटरवरच येत होते. तीन चौकांऐवजी मी चार मोजले होते. विहीणबाई अलीकडच्या गल्लीत ताटं मांडून बसल्या होत्या.

बाई पैठणी परत देऊ लागल्या. "भरलेली ओटी परत घेत नाहीत," वंदना मराठीत म्हणाली, आणि त्यांना ते कळलं.

खऱ्या हिरव्या फाटकात आम्ही तासभर उशिरा, भरल्या पोटी आणि रिकाम्या हाताने पोचलो. मृण्मयी फक्त "बाबा, व्हाय?" म्हणाली. दिएगोने सगळी हकिगत आईला सांगितली. त्या हसल्या नाहीत. मृण्मयी जमिनीकडे बघत होती. अशा वेळी शहाणा बाप माफी मागतो.

"माझं माप बरोबर आहे," मी म्हणालो. "चूक शहराची आहे. सांग त्यांना."

दिएगोने घाबरत सांगितलं. विहीणबाईंनी हात पुढे करून टेप मागितली. एक टोक मुलाच्या हाती दिलं आणि भर उन्हात स्वतः वाकून आपल्या चौकापासून पुढच्या चौकापर्यंत मोजलं. पंधरा वेळा. पंचाहत्तर मीटर. मग माझ्याकडे बघून काहीतरी बोलल्या.

"आई म्हणते," दिएगो म्हणाला, "हट्टी आहेत, पण खोटं बोलत नाहीत. चालेल."

मृण्मयीने श्वास सोडला. मी टेपसाठी हात पुढे केला, पण ती त्यांच्या ॲप्रनच्या खिशात गेली होती. "राहू दे," वंदना म्हणाली, "मानपान समजा."

एकूण हिशोब: पैठणी परक्या बाईला, टेप विहीणबाईंना, आणि परतल्यावर रोल्लातल्या हार्डवेअरवाल्याला नव्या टेपचे पंचवीस दिरहम, म्हणजे सहाशे रुपये. या वेळी दहा मीटरची घेतली. लग्नाला पुन्हा सान होसेला जायचंय, आणि वंदनाची कंबर बघता तिला साठ वेळा वाकायला लावणं बरं नव्हे. तीसच पुरे.