दारावरचं नाव

बारशाच्या सजावटीसाठी मी घरी कटिंग मशीनवर कागदी नावं कापते. मशीनचे रबरी रोलर झिजले, कागद सरकून अक्षरं तुटायला लागली, म्हणून बमरोलीत शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका बाईंकडे ते घेऊन गेले. त्यांनी रोलरवर नवं रबर चढवलं, पॉलिश पेपरने घासलं आणि गुळगुळीत झालं का ते गालाला लावून पाहिलं.

"बेन, आता चालवून बघा."

"कुठलं नाव कापू?"

"गौरी."

"तुमची मुलगी?"

"हो. बारशाआधीच गेली. नाव मी मनात ठरवलेलं, कोणाला बोललीच नाही."

नाव अखंड निघालं. त्यांनी ते दुकानाच्या दारावर चिकटवलं. तेवढ्यात आलेल्या गिऱ्हाइकाने ते मोठ्याने वाचलं, आणि बाई हसल्या.